पाण्याच्या मागं मुंजाभाऊ

मुंजाभाऊ कुणाला "कसं काय" असं विचारायचे नाहीत. "काय पातळी?" म्हणायचे. आम्ही येलदरी कॅम्पात नवीन राहायला आलो तेव्हा मी अंगणात भांडी घासत होते आणि कुंपणापलीकडून हा सवाल आला. मला वाटलं, रांजणाचं विचारतायत. म्हटलं, "अर्धा हाय." ते म्हणाले, "मंग झाकून ठिवा," आणि सायकल ढकलत निघून गेले. त्यांची बायको कौसाबाई भिंतीला टेकून तुरीच्या शेंगा सोलत होती. ती हसता हसता म्हणाली, "बाई, ते तुमची तब्येत इचारायले होते."

तेव्हापासून ती माझी वहिनी आणि ते भाऊ. दोन घरांमधे कुंपण होतं खरं, पण त्याला एवढी भोकं होती की कोंबड्यांनासुद्धा कोणतं घर आपलं ते कळत नव्हतं.

आधीच सांगून टाकते, मी काही लिहिणारी बाई नाही. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचायला मी वाण्याच्या पुड्यांवर शिकले आणि मुंजाभाऊंच्या पोस्टकार्डांवर. त्यामुळं त्यांच्याबद्दल लिहायचं म्हटलं की हात आपोआप पुढं होतो. त्यांचा जन्म कधीचा, भाऊबंद किती, हे मला सांगता यायचं नाही. मी त्यांना कुंपणापलीकडून पाहिलंय, तेवढंच सांगते.

ते पूर्णेवरच्या येलदरी धरणावर पाण्याची पट्टी वाचायच्या कामाला होते. भिंतीशी पाण्यात आकडे रंगवलेली उभी पट्टी असते. पाणी कुठल्या आकड्याला टेकलं ते वाचून वहीत लिहायचं. सकाळी आठला ते पायऱ्या उतरायचे. पावसाळ्यात तासातासाला. दारं उघडायची वेळ आली की बिनतारीच्या खोलीत जायचे आणि खालच्या गावांना कळवायचे, "येलदरी बोलतंय. पाणी सुटायलंय." पलीकडून नांदेडचा माणूस बोलायचा. तो बोलायच्या आधी खोकायचा. अकरा पावसाळे मुंजाभाऊंनी तो खोकला ऐकला होता, माणूस पाहिला नव्हता.

एका चैत्रात नवराबायकोचं बोलणं मी कुंपणाशी उभी राहून ऐकलं. ऐकायला नको होतं, पण कपडे वाळत घालत होते, जाणार कुठं?

"नांदेडला जाऊन येतो."

"मोटरीनं?"

"सायकलीनं."

"आन् काय आणायचंय नांदेडहून?"

"काही न्हाई. एका माणसाचं तोंड पाहायचंय."

"माझं हाय की हितं. ते पाहून सरलं का?"

सरलं नव्हतं बहुतेक, पण गेले. काळी सायकल, दांडीला गुंडाळलेलं गोणपाट, मागं पत्र्याची पेटी, विजारीचा उजवा पाय सुतळीनं बांधलेला. औंढा, वसमत, पुढं पूर्णा गाव, तिथून गोदावरीच्या काठानं नांदेड. नांदेडच्या घाटावर एक वाकलेला माणूस पट्टी वाचत होता. मुंजाभाऊ त्याच्या पाठीमागं जाऊन उभे राहिले. तो खोकला, आणि हे म्हणाले, "नांदेड, येलदरी बोलतंय." त्या माणसाची पेन्सिल पाण्यात पडली.

"मंग?" ते हे सांगायला लागले तेव्हा मी विचारलं.

"मंग काय. रडला."

"आन् तुमी?"

"मी पेन्सिल काढून दिली."

त्या माणसानं त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं, गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवायला नेलं, आणि निघताना पुढच्या गावच्या पट्टीवाल्याच्या नावानं एक चिठ्ठी दिली: येलदरीचा माणूस येतोय, आपला समजून जेवू घालावे. ही चिठ्ठी हातात पडली आणि सगळा घोटाळा झाला. मुंजाभाऊंच्या ध्यानात आलं की नांदेडला पाणी थांबत नाही. परत आल्यावर अंगणात बसून ते म्हणाले, "सुंदराबाई, आपण पाणी सोडतो अन् इथंच बसतो. ते बिचारं एकटं कुठवर जायलंय, कुणी जाऊन पाहिलं का? ते समुद्रात पडतं ती जागा एकदा या डोळ्यांनी पाहायची. मंग बसंन घरी."

एवढी एकच इच्छा त्यांची. दुसरी काही असली तर मला कधी कळली नाही.

मग दरसाल तेच. पाडवा झाला, पाणी तळाला गेलं, की साठवलेली महिन्याची रजा काढायची आणि निघायचं. नियम एकच, अर्धी रजा संपली की जिथं असू तिथून चाक उलटं. मृगाच्या आधी पट्टीवर हजर पाहिजे, आणि तिसाव्या दिवशी दारात दिसले नाहीत तर कौसावहिनी माहेरी जाणार, असं तिनं सांगून ठेवलेलं. वर्षांमागून वर्षं गेली, बासर झालं, मंथनी झाली, समुद्र काही येईना. सरळ गेले असते तर दोन वर्षांत पोचले असते. पण हा माणूस सरळ जायचाच नाही.

पहिलं कारण रंग. हँडलला त्यांच्या दोन डबड्या असायच्या, एक पांढऱ्या रंगाची, एक काळ्या. कुठल्याही गावी गेले की आधी घाट. घाटावर किंवा पुलाच्या खांबावर पट्टी रंगवलेली असायची, बहुतेक वेळा पुसट झालेली. ते पाहून यांना राहवायचं नाही. "आकडा दिसत न्हाई म्हंजी काय? मधी कुणी बुडालं तर?" की लागले कमरेइतक्या पाण्यात उतरून रंगवायला. रंग वाळेपर्यंत तिथंच बसायचं, नाहीतर म्हशी अंग घासतात. झाले दोन दिवस.

दुसरं कारण माणसं. गावागावांत घरं जळाली, त्या पावसाळ्यानंतरचाच तो उन्हाळा होता जेव्हा ते पहिल्यांदा नांदेडच्या पुढं गेले. विद्यापीठाच्या नामांतराचं नाव काढलं की लोक इकडंतिकडं पाहायचे. अनोळखी माणूस वेशीत आला की पाण्याआधी प्रश्न यायचा, "कोण म्हणायचे तुमी?"

"पाण्याच्या खात्याचा."

"ते खातं झालं. लोक कोणते?"

"खालच्या अंगाला जायलेले."

काही ठिकाणी तांब्या हातात मिळायचा, काही ठिकाणी वरून ओंजळीत ओतायचे. ते दोन्ही एकाच चेहऱ्यानं सांगायचे. मी एकदा म्हटलं, "भाऊ, सांगून टाकायचं नाव-आडनाव, एका घोटाचा तर प्रश्न." ते म्हणाले, "मला तहान लागली होती, बाई. लगनाची बोलणी कुठं करायची होती?"

आणि ती टरबूजवाली. तिची गोष्ट कॅम्पात सगळ्यांना पाठ होती, तरी पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे. नांदेडच्या खाली कुठंतरी नदीच्या वाळूत एका म्हातारीची टरबुजांची वाडी होती. मुंजाभाऊ ताकाच्या आशेनं तिकडं वळले. छाती पुढं काढून म्हणाले, "राम राम, माय. मी येलदरीहून आलोय. पाणी सोडतो ते आमीच."

"तूच का रे ते, मुडद्या?" म्हातारी उठली. हातात फुटकं टरबूज होतं, ते सरळ यांच्या छातीवर. "माझी वाडी व्हावून नेलीस, अन् आता मला राम राम घालतूस!"

दोन दिवसांपूर्वी नदीला अचानक पाणी आलं होतं आणि तिची अर्धी आळी गेली होती. आता खरी गोष्ट अशी, की ते पाणी येलदरीचं नव्हतंच. चैत्रातला वळीव जवळच्याच एका ओढ्यावर पडला होता. येलदरीहून निघायच्या दिवशी दारं बंद असल्याची नोंद त्यांनी स्वतः वहीत केलेली. पण यांनी काय केलं? सदरा झटकला, डबड्या बाजूला ठेवल्या आणि चार दिवस त्या बाईबरोबर वाळू उपसून नवी आळी केली, शेणखत वाहिलं. चौथ्या दिवशी तिनं भाकरीवर ठेचा घालून दिला आणि विचारलं, "आता कवा सोडणार हायेस?"

"सोडायच्या आधी कळवीन."

आणि कळवायचे, बरं का! उन्हाळ्यात नदीत पाणी सोडायचं ठरलं की चार दिवस आधी त्या म्हातारीच्या गावी कार्ड जायचं. मी पेटीत टाकून आलेय कितीदा.

कौसावहिनी या गोष्टीला कधी हसली नाही. "मंग सांगायचं न्हाई का तिला, पाणी आमचं नव्हतं म्हणून? चार दिस गेले तुमचे. समुद्र ऱ्हायला."

"तिला कुणावर तरी रागवायचं होतं," मुंजाभाऊ म्हणाले. "आभाळावर किती दिस रागवंल?"

"आन् मी कुणावर रागवू?"

ते उठून सायकलीच्या साखळीला तेल द्यायला गेले.

त्यांना लेकरू नव्हतं. महिनाभर ते घर म्हणजे वहिनी, दोन शेळ्या आणि कोंबड्या. ती वाट पाहते असं तिच्या तोंडातून निघायचं नाही, पण पोस्टमन यायच्या वेळेला तिला माझ्याकडं नेमकं मीठ नाहीतर विरजण लागायचं. तिला अक्षर येत नव्हतं, वाचायची मी. मुंजाभाऊ मला "आमचं पोस्ट हापिस" म्हणायचे ते यामुळंच. त्यांचं कार्ड कसं, तर असं: "मंथनी. पाणी खालच्या पायरीच्या दोन हात खाली. पट्टी पुसट होती, रंगविली. रजा अर्धी झाली, उद्या उलटा." खाली सही. माणूस बायकोला लिहितोय का साहेबाला, काही कळायचं नाही.

वहिनीचे हात पिठात असायचे. ती मान वर न करता विचारायची, "झालं? माझं काही न्हाई?"

मला ते बघवायचं नाही. मी कार्ड डोळ्यांजवळ न्यायची आणि म्हणायची, "हाय की. 'कौसास सांगणे, तिच्या हातच्या भाकरीची सय येते.'" पुढच्या कार्डात, "कौसाची तब्येत कशी आहे." त्याच्या पुढच्यात, "इकडं फार ऊन, कौसाला उन्हात जाऊ देऊ नये." असं करत मी सातआठ वर्षं त्यांच्या नावानं बायकोला निरोप दिले. देव मला माफ करो.

नांदेडवाल्यासारख्याच पुढच्या पट्टीवाल्यांनीही त्यांना चिठ्ठ्या दिल्या होत्या, त्यांतली एक तेलुगूत होती. बासरच्या पुढच्या कुण्या पट्टीवाल्यानं दिलेली. ती दाखवली की पुढची पाची गावं यांना पोटभर भात घालायची, म्हणून मुंजाभाऊंनी ती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती आणि पाहुण्यांना दाखवायचे. एकदा कॉलनीत दुरुस्तीला राजय्या नावाचा गवंडी आला, त्याला तेलुगू यायचं. त्यानं वाचली आणि थापी खाली ठेवून हसायला लागला.

"काय लिवलंय?"

"भाऊ, नका इचारू."

"अरे सांग की!"

"लिवलंय, माणूस लय चांगला हाय. पर जेवू घालून लगीच म्होरं धाडा, न्हाई तर तुमची पट्टी रंगवीत बसंल, अन् तुमच्या साहेबाला वाटंल तुमी काम करीत न्हाई."

सगळा कॅम्प महिनाभर हसला. मुंजाभाऊ दोन दिवस कुंपणाकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुंपणाशी येऊन मला म्हणाले, "सुंदराबाई, म्हंजी पाची गावांनी हे वाचलं?"

"वाचलंच की, भाऊ."

"अन् वाचूनबी मला ठेवून घेतलं?" आणि असे काही खूश झाले, की चिठ्ठीला नवीन पिशवी आणली.

भद्राचलमला पोचले त्या वर्षी मला वाटलं, आता एकच रजा. परत आले ते काळे ठिक्कर होऊन, पण चेहरा असा की लग्न ठरलंय. "पुढच्या साली राजमहेंद्री, अन् तिथून समुद्र दोन दिसांवर. सायकलीवरून उतरायचं न्हाई. रंग नेणारच न्हाई."

त्याच पावसाळ्यात ते दाराच्या चौकटीला धडकायला लागले. आधी आम्ही हसलो. मग एकदा शेळी पायात आली आणि ते तोंडावर पडले. म्हणायचे, "मधलं दिसतंय सगळं. कडा गेल्यात." आकडा अजून बरोबर वाचायचे, पण पायरी चुकायची. परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं. काचबिंदू. गेलेलं येणार नाही, राहिलेलं औषधानं टिकलं तर टिकेल. मुंजाभाऊंनी एवढंच विचारलं, "किती दिस?" डॉक्टर म्हणाले, वर्ष, दोन वर्षं, सांगता येत नाही.

दिवाळीनंतर कॅम्पाच्या रस्त्यावरच्या मोरीवर बाजूनं ट्रक आला तो त्यांना दिसलाच नाही. हे सायकलीसकट खड्ड्यात. हाड मोडलं नाही एवढंच. कौसावहिनीनं काय केलं, शेळीची साखळी सोडली आणि सायकल खांबाला बांधून कुलूप घातलं. किल्ली कमरेला. कामावरून आले की धरणाच्या पायऱ्यांवर पाण्याकडं तोंड करून बसायचे. कुणाला "काय पातळी" म्हणायचं बंद झालं. मला आठवतं, मी मुद्दाम समोरून गेले, दोनदा गेले. काही नाही.

संक्रांत झाली आणि एका दुपारी वहिनी माझ्या दारात.

"सुंदरा, सायकल कशी शिकत्यात?"

"कोण शिकायलंय?"

"मी."

"वहिनी! या वयात?"

"पडायला काय वय लागतंय?"

पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं होती ती. नऊवारीचा कासोटा घट्ट मारून ती कॉलनीच्या मैदानात उतरली, आणि मागून सीट धरून पळायला मी. मला स्वतःला सायकल येत नव्हती, पण धरायला येत होती. दोन दिवसांत आमची जत्राच झाली. पारावरून एकजण ओरडला, "कौसाबाई, रेसला जायलाव का?"

"व्हय, तुझ्या सासुरवाडीला जायलेय. निरोप हाय का काही?"

गुडघे फुटले, हळद लावली, परत उतरली. तिसऱ्या का चौथ्या दिवशी आम्ही दोघी दम खात बाभळीखाली बसलो होतो. मी म्हटलं, "भाऊंना पोचवायचं म्हणून एवढं?"

ती म्हणाली, "त्यांना लय वाटतं. आन् मलाबी दरसाल तीस दिस एकटं बसून कंटाळा आलाय." मग म्हणाली, "आन् एक सांगू का? ती शेवटची ओळ त्यांची नसायची."

मी बाभळीचा काटा उचलून मातीत रेघा ओढायला लागले.

"कारडावर ओळी चार दिसायच्या, अन् तू वाचायचीस पाच. वाचता येत न्हाई मला, मोजता येतंय."

"मंग बोलला का न्हाईत इतकी वर्सं?"

"चांगलं लिवायचीस," ती म्हणाली आणि उठून सायकलीकडं गेली.

पंधराव्या दिवशी ती धरणाच्या रस्त्यानं एकटी जाऊन आली. मग नवऱ्यापुढं उभी राहिली. मी कुंपणाशीच होते, लपवत नाही.

"तुमाला मधलं दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मी मधी चालते म्होरं. तुमी माझ्या मागून या. कडंचं मी पाहते."

"कौसा, लोक हसतील."

"राजय्यानं चिठ्ठी वाचली तवा का कमी हसले? काही मेलाव का?"

"पडशील."

"पडून झालंय माझं. आता निघायचं बोला."

ते उठले. मग खांबाजवळ गेले, हातानं चाचपून कुलूप धरलं आणि म्हणाले, "किल्ली आण."

माझ्या मालकांनी तिच्यासाठी पॉवर हाऊसच्या एका बाबूची जुनी सायकल पाहून दिली, देताना म्हणालेही, "वेड लागलंय दोघांना." चैत्रात निघाले. तिनं लाल इरकल नेसलं होतं, आणि रोज तेच नेसणार होती, रात्री धुऊन सकाळी परत, म्हणजे त्यांना चुकायला नको. खड्डा आला की दोनदा घंटी, गाडी आली की एकदा. ती पुढं, हे मागं, मान जराही इकडंतिकडं न करता, जणू नजरेनं तिला दोरी बांधलीय. रंगाच्या डबड्या मात्र हँडलला होत्याच.

मग शेजारच्या घराला कुलूप. त्या महिन्यात मला कळलं ते घर महिनाभर कसं असायचं. शेळ्या माझ्याकडं होत्या. पोस्टमन यायच्या वेळेला मी दारात. एक कार्ड आलं, माझ्या नावावर, जन्मात पहिल्यांदा. "राजमहेंद्री. पाणी फार, रुंदी कोसभर वाटते. पट्टी चांगली आहे, रंगवावी लागली नाही. उद्या पुढे." ओळी चार. मी कार्ड उलटं करून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं. पाचवी ओळ कुठंच नव्हती. माझं काही नाही? असं माझ्याच तोंडून निघालं, आणि त्या रिकाम्या अंगणाकडं पाहून मला वहिनीची इतकी आठवण आली की चूल विझली तरी मी तिथंच.

एकोणतिसाव्या दिवशी दोघं एसटीतून उतरले. परभणीपर्यंत रेल्वेनं आले होते. सायकली टपावर. तिची त्वचा सालपटल्यासारखी झाली होती आणि बोलायला सुरुवात केली ती थांबेचना.

"अगं, राजमहेंद्रीच्या म्होरं नदीला फांद्या फुटत्यात. हे तिथं उतरून बसले. म्हणायले, आपलं पाणी कोणत्या फांदीत गेलं ते कळल्याबिगर कसं जावं? दीड दिस! माणसं इचारली, पाण्यात बाभळीचा पाला टाकून पाहिला. मंग मी म्हणलं, ही जवळची. चला."

"अन् समुद्र?"

"समुद्र काय. पाणी लय हाय. पिता येत न्हाई."

"भाऊंना दिसला का?"

"उभे ऱ्हायले आन् मान फिरवायला लागले. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, जसं कुणी कापड मोजतंय. परत उलटी. त्यांना एका टायमाला थोडाच दिसायचा ना. मी म्होरं जाऊन इचारलं, दिसतोय का? तर म्हणाले, सरक, तू मधी यायलीस."

"किती वेळ?"

"मी दोनदा जेवले."

नंतर मी मुंजाभाऊंना एकटं गाठलं. म्हटलं, "आपलं पाणी वळखू आलं का?" गंमत म्हणून विचारलं होतं. पण त्यांनी विचार केला. म्हणाले, "न्हाई, सुंदराबाई. तिथं वळखू येत न्हाई." मग आपणहून म्हणाले, "तुकड्या-तुकड्यानं पाहिला. पर सगळा पाहिला."

पुढच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि दोघं देवगाव फाट्याच्या आत त्यांच्या गावी गेले. आमचीही बदली झाली, आम्ही परभणीला आलो. ते आता लिहू शकत नव्हते, वहिनीला येत नव्हतं. मी दोन कार्डं टाकली. कुणी वाचून दाखवली असतील तर असतील. कुठंही नदीवर पूल लागला की मी एसटीच्या खिडकीतून खांबावरचे आकडे बघायची, रंग ओला आहे का म्हणून. कुणाला सांगितलं नाही हे.

विद्यापीठाचं नाव बदललं त्या हिवाळ्यात मी मंठ्याला लेकीकडं निघाले होते. रस्त्यांवर ठिकठिकाणी पोलीस, देवगाव फाट्यावर तंबू ठोकलेला. आमची गाडी थांबवली. मी खिडकीतून पाहतेय तर चहाच्या टपरीशेजारी एक अजब गाडी उभी. दोन सायकली शेजारी शेजारी, मधे लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून एक केलेल्या. डाव्या सीटवर मुंजाभाऊ, उजवीकडं कौसावहिनी, आणि हवालदार वाकून त्यांची पेटी तपासतोय.

"भाऊ! मुंजाभाऊ!"

त्यांनी तोंड वळवलं ते टपरीच्या शेगडीकडं. मला कळलं. पण हसले तेच जुनं. "सुंदराबाई! मोटारीत बसलाव व्हय?"

"कुठं निघालाव?"

"मला काय इचारता? मालकिणीला इचारा."

वहिनीचे केस पांढरे झाले होते. ती खिडकीखाली आली, माझा हात धरला. "वरच्या अंगाला जायलाव. अजिंठ्याच्या डोंगरात आपली पूर्णा निघती म्हणत्यात, ती जागा पाहायची हाय."

"वहिनी, पण भाऊंना आता..." मी अर्ध्यातच थांबले.

"त्यांचं पाहून झालं की," ती म्हणाली. "आता मला पाहायचंय."

हवालदारानं त्यांना सोडलं, मग आमची गाडी सुटली. पुढं अर्धा मैल त्यांची ती रुंद गाडी आमच्या समोर. ड्रायव्हरनं हॉर्न लावून धरला. कंडक्टर दारातून ओरडला, "म्हातारे, घरी बसा की!"

"तुझी मोटर हाय ना, ने उडवून वरून!" वहिनीनं मागं न पाहता सांगितलं.

शेवटी पुलाच्या अलीकडं ती कडेला थांबली. गाडी पुढं निघाली. मी मागं वळून, खिडकीतून अर्धी बाहेर होऊन पाहत राहिले. ती सीटवरून उतरली होती. तिनं त्यांचं मनगट धरलं होतं, त्यांचा हात लांब रानाकडं करून ती काहीतरी दाखवत होती, भराभर बोलत होती, आणि ते तिकडं तोंड करून मान हलवत होते. हो, हो, दिसतंय, असं.

मी पुष्कळ वाकले. कंडक्टर म्हणाला, "बाई, डोकं आत घ्या." तिथं काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला तर नुसती ज्वारी दिसली.